बारापर्यंत मोजणारी आत्या

आत्याला वाईट खेळ आवडायचे. वाईट म्हणजे तसले नव्हेत हो! व्हिडिओ गेम. टीव्हीला यंत्र जोडून, कंट्रोलर हातात धरून खेळायचे ते. त्यातलेही लोकांनी नाकं मुरडलेले, घेणाऱ्यानं आठवड्याच्या आत दुकानात परत आणून आपटलेले. गेमच्या दुकानदारानं दाराशी एक प्लॅस्टिकची बादली ठेवली होती, तिच्यात तो असा माल टाकायचा. आत्या आत शिरली की तो मान वर न करता म्हणायचा, "बाई, तुमचं बादलीत आहे." आत्या हसायची, बादलीपाशी उकिडवी बसायची आणि एकेक डबी उलटून वाचायची. चकचकीत नव्या खेळांच्या फळ्यांकडे तिनं कधी ढुंकूनही पाहिलं नाही.

वय बावन्न, लग्न केलेलं नाही, दोन खोल्यांत एकटीचा संसार. खरं तर ती फक्त तिच्या भावाच्या मुलीची आत्या. पण ती मुलगी लहानपणी चष्म्याच्या दुकानात येऊन "आत्याऽऽ" म्हणून ओरडायची, तेव्हापासून मालकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांची ती आत्या झाली. दुकानामागच्या खोलीत ती काचा घासायची. फिरत्या चाकावर पाण्याची बारीक धार सोडायची आणि काच धरून फ्रेमच्या मापाची करायची. काच कमी घासली तर पुन्हा घासता येते. केसभर जास्त घासली की गेली, कारण घासलेली काच कुणाच्या बापाला वाढवता येत नाही. म्हणून आत्या एकदा घासायची आणि चारदा लावून बघायची. मालक म्हणायचा, "आत्या, गिऱ्हाइकाचा नंबर बदलेल तोवर." बोलून बोलून तो थकला, आत्या काही बदलली नाही.

बादलीतल्या सगळ्या मालात तिचा जीव जडला तो 'नावाडी'वर. एक म्हातारा, एक होडी, एक मोठं तळं. या काठावरची माणसं त्या काठाला न्यायची, बस्स. मारामारी नाही, बक्षीस नाही, साधं गाणंसुद्धा नाही. आणि खोट अशी, की बटण दाबलं तरी वल्हं लगेच हलायचं नाही. चांगले दहा-बारा आकडे मोजून होतील इतका वेळ जायचा, तेव्हा कुठे म्हातारा वल्हं उचलायचा. लोकांना वाटायचं, बटण लागलंच नाही. मग ते पुन्हा दाबायचे, पुन्हा दाबायचे. पण आधी दाबलेलं वाया जात नसे, सगळं आत साठून राहायचं. थोड्या वेळानं म्हातारा पिसाळल्यासारखा डावीकडे चार, उजवीकडे सहा वल्ही मारायचा आणि होडी गर्रकन फिरून खडकावर आपटायची. या खेळाला लोकांनी लिहिलेल्या शिव्या आत्यानं हौसेनं वाचल्या होत्या. एकानं लिहिलं होतं, 'यापेक्षा भिंतीकडे बघत बसा. भिंत निदान चुकीच्या दिशेला वळत नाही.'

आत्याचं म्हणणं एवढंच होतं, की म्हातारा बहिरा नाही, म्हातारा आहे. त्याला एकदा सांगायचं आणि हात काढून घ्यायचा. तिनं त्या तळ्यातून शेकडो माणसं पार नेली होती. मजा काय येते, असं कुणी विचारलं की तिला सांगता यायचं नाही. पण यायची, हे तिच्या तोंडावर दिसायचं. वल्हं उचललं जाण्याआधीच्या त्या रिकाम्या वेळात ती इतकी निवांत बसायची, की बघणाऱ्याला तिचा हेवा वाटावा.

हेवा न वाटणारा एकच माणूस, तिचा मोठा भाऊ. दादा गाडी चालवायला शिकवायचा. त्याच्या गाडीत त्याच्या पायाशी एक जादा ब्रेक होता, आणि त्याच्या जिभेला एकही नव्हता. शिकणाऱ्यानं आरशात बघायच्या आधी हा म्हणायचा, "आरसा! आरसा कोण बघणार, मी?" घरी कुणी वाक्य सुरू केलं की संपवायचं काम याचं. वहिनीनं छत्तीस वर्षांत एक वाक्य धड पुरं केलं नव्हतं, असं ती स्वतःच सांगायची, आणि तेही दादाच पुरं करायचा. एकदा आत्याच्या घरी त्यानं 'नावाडी' हातात घेतला. तीन मिनिटांत होडी चार वेळा फुटली. "हा खेळ आहे की सरकारी कचेरी?" असं म्हणून त्यानं कंट्रोलर गादीवर भिरकावला. "तुझ्यासारख्या गोगलगायीलाच जमायचं हे."

गोगलगाय हे त्यानं तिला लहानपणीच ठेवलेलं नाव. लागायचं तिला ते, खोटं कशाला बोला? पण दादा मनाचा वाईट नव्हता. आत्याची दोन मोठी आजारपणं त्यानंच काढली होती, रात्रंदिवस बडबड करत.

एका शनिवारी सकाळी, चौकात, शिकणाऱ्या बाईंच्या शेजारी बसलेला असताना दादा बोलता बोलता थांबला. त्या बाईंना आधी बरंच वाटलं. मग त्यांनी बाजूला पाहिलं. देव त्यांचं भलं करो, त्यांनी गाडी नीट कडेला घेतली. दादाच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. जीव वाचला, पण हात, पाय, मान, जीभ सगळं गेलं. डोळे तेवढे उघडे राहिले, छताकडे लागलेले.

चाळीस दिवस तो तसाच पडून होता. वहिनी सकाळपासून त्याच्याजवळ असायची, आत्या दुपारी चारला सुटून यायची. मुलगी दूरगावी नोकरीला, ती येऊन रडून परत गेली होती. भेटायला येणारे दोन मिनिटं खाटेशी उभे राहायचे, "दादा, ओळखलंत का? मी कोण? सांगा बघू मी कोण?" असं मोठ्यानं ओरडायचे आणि बाहेर जाऊन हळू आवाजात म्हणायचे, "काही राहिलं नाही हो."

एकेचाळिसाव्या दिवशी, गुरुवारी, आत्या नुकतीच येऊन बसली होती तेव्हा मेंदूच्या डॉक्टरबाई कागद घेऊन आल्या. भल्या बाई होत्या, पण त्यांच्यामागे आणखी अकरा खाटा होत्या. त्यांनी दादाला सांगितलं, हो असेल तर डोळे एकदा मिटा, नाही असेल तर दोनदा. मग पटापट विचारलं. तुम्ही गाडी चालवायला शिकवता का? काही नाही. आपण दवाखान्यात आहोत का? काही नाही. तुम्ही बाई आहात का? दादानं डोळे मिटले. वहिनीनं तोंडावर हात घेतला. डॉक्टरबाईंनी लिहिलं, 'प्रतिसाद विसंगत', आणि सोमवारी त्याला वरच्या मजल्यावर हलवायचं ठरलं.

वरच्या मजल्यावर काही छळ नव्हता. वेळेवर कूस बदलून द्यायचे, अंग पुसायचे, नळीनं भरवायचे. पण हातपाय हलवून घ्यायला, बोलायला शिकवायला तिथं कुणी जात नसे. ते सगळं खालच्या वॉर्डात, आणि ज्याला समजतं त्याच्यासाठी. "वर गेलेलं माणूस सहसा खाली येत नाही," असं आयाबाईनं न विचारताच सांगून टाकलं.

शुक्रवारी आत्या आली तेव्हा वहिनी औषधं आणायला गेली होती. दादाचे ओठ सुकून पांढरे झाले होते. आत्यानं विचारलं, "ओठ ओले करू?" आणि कापूस पाण्यात बुडवून, पिळून, ती नुसती बसली. मूळची ती बडबडी नव्हतीच, आणि उत्तराची अपेक्षाही नव्हती. बऱ्याच वेळानं दादाचे डोळे मिटले. पापणी लवली नाही, डोळे मिटले. हळू, पूर्ण, आणि तसेच थोडे राहून उघडले.

आत्याच्या हातातला कापूस खाली पडला. ही चाल तिच्या ओळखीची होती. हजार वेळा पाहिलेली. गुरुवारी काय झालं, ते तिला आता लख्ख दिसलं: बाई आहात का, याला दादा हो म्हणालाच नव्हता. तो पहिल्या प्रश्नाला हो म्हणाला होता, तुम्ही गाडी शिकवता का, त्याला. त्याचं उत्तर बाहेर येईपर्यंत बाई दोन प्रश्न पुढे गेल्या होत्या. चाळीस दिवस सगळं जग त्याच्यावर बटणं दाबत होतं.

तिनं खुर्ची ओढली, तोंड त्याच्या नजरेच्या रेषेत आणलं. "दादा, मी तुझी बहीण आहे?" मनात आकडे सुरू केले. अकराला डोळे मिटले. "मी तुझी बायको आहे?" अकराला मिटले, उघडले. म्हणजे हो? पण सवय अशी लागलेली, की तिनं हात काढून घेतला होता. बारा, तेरा, चौदा. दुसऱ्यांदा मिटले. आत्याला हसूच फुटलं. "मी गोगलगाय आहे?" अकराला एकदाच मिटले. पुढे वीसपर्यंत ती थांबली, पण दादा आपल्या म्हणण्यावर ठाम होता. "मेल्या," आत्या म्हणाली, आणि त्याच्या उशीत तोंड खुपसून रडली.

वहिनी परत आली तेव्हा आत्यानं धडाधड सगळं सांगून टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला बोलायची घाई झाली होती. तिला वाटलं, वहिनी आता गळ्यात पडेल. वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला.

"सगळं कळतं? सगळं म्हणजे... पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून असेल. नावाडीसारखंच आहे बघा वहिनी. तो बहिरा नाही, त्याला वेळ—"

"खेळ!" वहिनी ओरडली. "इथं माणूस जिवंत मढं होऊन पडलाय आणि तुम्हाला खेळ सुचतोय? डोळे सगळ्यांचेच मिटतात. उगाच आस लावू नका कुणाला."

"हळू बोला हो, तो ऐकतोय."

वहिनी औषधांची पिशवी तशीच टाकून बाहेर निघून गेली. आत्याला काही उमगेना. थकली असेल बिचारी, असं तिनं मनाचं समाधान करून घेतलं. पण एक खरं होतं: ही खात्री आता तिच्या एकटीजवळ होती, आणि सोमवार तीन दिवसांवर आला होता.

आत्याला परक्या माणसाशी भांडणं सोडाच, दुकानात उरलेली सुटी नाणी मागणंही जमायचं नाही. शनिवारी ती डॉक्टरबाईंच्या दाराशी पावणेदोन तास उभी राहिली. बाई बाहेर आल्या तशी ती त्यांना आडवीच गेली.

"माझ्या भावाला पुन्हा एकदा विचारा. पण एकच प्रश्न विचारायचा आणि गप्प राहायचं. बारापर्यंत मोजायचं. तो नाही म्हणत असेल तर पंधरा."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

आत्याच्या मनात आलं, थाप मारावी, कुठल्या तरी मोठ्या डॉक्टरचं नाव घ्यावं. पण थाप मारायलाही चपळाई लागते. "एका व्हिडिओ गेममध्ये शिकले," ती म्हणाली. "फार वाईट गेम आहे. कुणालाच आवडला नाही."

डॉक्टरबाईंनी हातातली वही उघडली. असलं काहीतरी सांगायला कुणी पावणेदोन तास उभं राहत नाही, एवढं त्यांना कळलं असावं. "सोमवारी सकाळी आठला," त्या म्हणाल्या. "पाच प्रश्न. घरचं कुणीतरी साक्षीला असू दे."

सोमवारी आठला खाटेच्या एका बाजूला डॉक्टरबाई, दुसऱ्या बाजूला आत्या, पायथ्याशी वहिनी. वहिनी दादाच्या तोंडाकडे बघतच नव्हती. बाईंनी विचारलं, "तुम्ही गाडी चालवायला शिकवता का?" चार-पाच आकडे झाले आणि सवयीनं त्यांचं तोंड पुन्हा उघडलं, "आपण—"

आत्यानं हात पुढे करून त्यांचा कागदच झाकला. "आता गप्प बसा," ती म्हणाली. डॉक्टरांना! स्वतःचाच आवाज ऐकून तिचे कान तापले. पण बाई गप्प बसल्या. त्या शांततेत शेजारच्या खाटेवरचा खोकला ऐकू आला, बाहेर औषधांच्या ढकलगाडीचं चाक करकरलं. अकरा. दादानं डोळे मिटले.

तुम्ही बाई आहात का? अकराला एकदा, पंधराला दुसऱ्यांदा. आपण घरी आहोत का? नाही. आपण दवाखान्यात आहोत का? हो. शेवटचा प्रश्न बाईंनी कागदावरचा विचारलाच नाही. खाली वाकून त्या म्हणाल्या, "गुरुवारी मी घाई केली का?" अकराला डोळे एकदा मिटले. बाईंनी नाक पुसलं आणि 'विसंगत' या शब्दावर जाड रेघ ओढली. "हे खालीच राहणार. उद्यापासून व्यायाम सुरू." जाताना त्या दारात अडखळल्या, कारण त्या मागे वळून बघत चालल्या होत्या.

आत्याला वाटलं, जिंकलो. तिनं वळून पाहिलं, तर वहिनी खोलीत नव्हती.

वहिनी बाहेरच्या बाकावर बसली होती, हातात दादाचा पुसायचा टॉवेल पिळत. आत्या शेजारी बसली आणि काही बोलली नाही. तिला ते येत होतं. आणि छत्तीस वर्षांत पहिल्यांदाच वहिनी कुणी मध्ये न तोडता सगळं बोलली.

"मला वाटलं, आत कुणी नाही. खरंच वाटलं हो. रोज सकाळी अंग पुसताना मी त्यांच्याशी बोलायची. मरा म्हणायची मी त्यांना. शिवी म्हणून नाही... जा म्हणायची. किती दिवस असे पडणार, तुम्हीही सुटा आणि मलाही सोडवा, मी दमले. एक दिवस नाही, रोज. आणि ते ऐकत होते. उठून जाता येत नाही, कान झाकता येत नाहीत, आणि बायको रोज पुसता पुसता मरा म्हणतेय." टॉवेल तिच्या मांडीवरून घसरला. "शुक्रवारी तुम्ही सांगितलंत ना, तेव्हा माझ्या मनात आलं, हे खोटं ठरू दे. त्यांना काही कळत नसू दे. अशी बाई आहे मी."

तुम्ही वाईट नाही, असं म्हणायचं आत्याच्या ओठांवर आलं होतं. पण ते तिनं म्हणून काय उपयोग? ते तिचं उत्तर नव्हतं. "चला, त्याला विचारा," ती म्हणाली.

"कुठल्या तोंडानं विचारू?"

"आहे त्याच तोंडानं. मी आहे बरोबर."

दादाचे डोळे छताकडेच होते. वहिनी खुर्चीत बसली, तिनं त्याचा निर्जीव हात उचलून मांडीवर घेतला. आत्या मागे उभी राहिली.

"अहो, मी सकाळी काय काय बोलायची... ते ऐकू येत होतं?"

तीन-चार आकड्यांत वहिनी काहीतरी पुढे बोलणार, तेवढ्यात आत्यानं तिचा खांदा दाबला. अकराला डोळे मिटले. आत्यानं वीसपर्यंत मोजलं. एकदाच.

वहिनीनं मान खाली घातली. तिनं माफी मागितली नाही. बहुधा ती मागण्याची आपली लायकी आहे असंही तिला वाटत नव्हतं. तिनं विचारलं ते आत्याच्या कधी मनातही आलं नसतं.

"तुम्हालाही तेच वाटत होतं का? की सुटावं एकदाचं?"

अकरा. डोळे मिटले. आत्या वीसपर्यंत थांबली, तीसपर्यंत थांबली. एकदाच. म्हणजे हो. चाळीस दिवस हा बोलघेवडा माणूस आत पडून तेच मागत होता, आणि बाहेर त्याची बायको तेच मागत होती, आणि हे तिला सांगायची त्याला सोय नव्हती. आत्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, ते तिनं पुसलंही नाही.

वहिनीचा आवाज आता अगदी बारीक झाला होता. "आणि आता? अजून जावंसं वाटतं?"

आत्यानं मोजायला सुरुवात केली. या वेळी आकडे पुढे सरकेनात. नऊ. दहा. अकरा. दादाचे डोळे मिटले आणि उघडले.

वहिनीच्या तोंडून आवाज फुटला. तिनं त्याचा हात अलगद चादरीवर ठेवला आणि ती उठू लागली. आत्यानं दोन्ही हातांनी तिचे खांदे दाबून तिला खाली बसवलं.

"थांबा, वहिनी. त्याचं बोलून झालेलं नाही."

बारा. तेरा. चौदा. पंधराला यायला हवं होतं, आलं नाही. सोळा. आत्याला वाटलं, आपण चुकलो, उगाच बसवलं हिला, बिचारीला जाऊ द्यायला हवं होतं. सतरा. तरी तिनं हात काढले नाहीत. अठराला दादाच्या कपाळावर, चाळीस दिवस न हललेल्या कपाळावर, एक आठी उमटली, आणि त्यानं डोळे दुसऱ्यांदा मिटले.